‘बॉर्डरवर आहे म्हणजे अजून पूर्ण आजार नाही ना?’

मागच्या अंकात डिप्रेशनबद्दल लिहिताना मी एका ओळीत बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं नाव घेतलं आणि पुढे गेले. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आणि मेल आले तेवढे अख्ख्या लेखावर नाही आले, त्यामुळे या वेळी सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. पत्रं कापून छोटी केलीत, गावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

ताई, माझी मुलगी २३ वर्षांची, पुण्यात नोकरीला, पीजीत राहते. गेल्या महिन्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला की हिने हातावर ब्लेड मारून घेतलंय. रात्रीची एसटी धरून गेलो. पोलीस केस होईल म्हणून मिस्टर दवाखान्यात न्यायलाच तयार नव्हते, मीच हट्ट केला. डॉक्टर म्हणाले बॉर्डरलाइन आहे. मिस्टर म्हणतात बॉर्डरवर म्हणजे शुगर बॉर्डरवर असते तसं, अजून पूर्ण झालेलं नाही, लग्न झालं की सुटेल. नणंद म्हणते सगळी नाटकं आहेत, लहानपणापासून हट्टीच आहे. आमचं काय चुकलं तेच कळत नाही. (एक आई, सांगली जिल्हा)

ताई, आधी मिस्टरांच्या शुगरचं बघू, कारण ही गल्लत मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते आणि चूक त्यांची नाहीच, नावच तसं आहे. १९३८ साली न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला. तेव्हा डॉक्टर लोक मनाच्या आजारांचे दोन मोठे गठ्ठे करायचे, एकात चिंता, भीती, उदासी वगैरे आणि दुसऱ्यात जिथे वास्तवाचं भानच सुटतं ते. काही पेशंट कुठल्याच गठ्ठ्यात नीट बसेनात, मधल्या सीमेवर दिसायला लागले म्हणून बॉर्डरलाइन. ते गठ्ठे कधीच जुने झाले, नाव मात्र चिकटून राहिलं आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत यादीत तेच छापलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना बरीच वर्षं याला भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व म्हणायची, ते नाव मला जास्त बरं वाटतं, निदान ऐकणाऱ्याला काहीतरी अंदाज येतो. तर सांगायचं म्हणजे ही बॉर्डर आजार होण्याच्या अलीकडची नाही, हा पुरताच आजार आहे. आणि उपचाराने सुधारणारा आहे, ते पुढे येईलच.

आता होतं काय ते तव्यावरून सांगते. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो आणि निवायलाही घेतो, पत्र्याचा पटकन तापतो पटकन निवतो. तुमच्या मुलीचं मन तापतं पत्र्यासारखं आणि निवतं बिडासारखं. मैत्रिणीने मेसेज वाचला, ब्लू टिक आली, रिप्लाय नाही. तुम्ही आम्ही म्हणू कामात असेल, आणि भाजी चिरायला लागू. हिच्या मनात दहा मिनिटांत ती मला कंटाळली, मला सोडणार, मी आहेच तशी, इथपर्यंत सगळं पोचलेलं असतं आणि मग रात्री अकराला मैत्रिणीचा साधा ‘सॉरी गं झोपले होते’ आला तरी ते खाली उतरत नाही. मार्शा लिनेहान नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं नाव आज परत येईल, त्या अशा माणसांना अंगभर भाजलेल्या पेशंटची उपमा देतात. कातडीच नाही म्हटल्यावर नुसता हात लागला तरी कळ जाणार.

सोडून जातील ही भीती हे एक लक्षण झालं. अशी एकूण नऊ लक्षणं धरतात. नाती एकदम टोकाची, मी नक्की कोण हेच न कळणं, पैसे उडवणं किंवा गाडी बेफाम हाकणं किंवा खाण्यापिण्याचा ताबा सुटणं, स्वतःला इजा, तासातासाला बदलणारा मूड, आतून कायम पोकळ वाटणं, न आवरणारा राग, आणि खूप ताण आला की लोकांवर संशय किंवा आपण आपल्यातच नाही असं वाटणं. यातली निदान पाच हवीत, तीही वर्षानुवर्षं आणि घरी, ऑफिसात, मित्रांत सगळीकडे दिसणारी. नवातली कुठलीही पाच किंवा त्याहून जास्त म्हटल्यावर हिशोब केला तर २५६ प्रकारची जुळणी होते, म्हणून एकाच निदानाचे दोन पेशंट एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही. आणि हो, हे वाचून मोबाईलवर स्वतःची किंवा सुनेची टेस्ट घेत बसू नका प्लीज, ब्रेकअपनंतरच्या महिन्यात नवातली चार तर कुणालाही सापडतील.

नणंदबाईंच्या नाटकाबद्दल. नाटक करायला प्रेक्षक लागतात ना. मी ज्या मुली बघते, मुलगेही, त्या मे महिन्यात फुल स्लीव्ह घालून येतात, कुणाला दिसू नये म्हणून. ब्लेड का, तर आत जे चाललंय ते असह्य झालेलं असतं आणि शरीराच्या दुखण्याने ते थोडा वेळ थांबतं, किंवा सगळं बधिर झालेलं असतं आणि काहीतरी जाणवावं म्हणून. बऱ्याचदा मरायचं नसतं. पण म्हणून ‘मरायचं नव्हतं ना, मग ठीक’ असंही कृपा करून समजू नका, या आजारात आत्महत्येचा धोका खराच असतो आणि प्रत्येक वेळ गंभीरच धरायची. घरातल्या गोळ्या, शेतीची औषधं कुलपात ठेवा. आणि तिला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का गं? विचारल्याने डोक्यात ते खूळ शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. रात्रीअपरात्री काही सुचलं नाही तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पण जखम मोठी असेल किंवा काही खाल्लं प्यायलं असेल तर फोनवर वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल.

पोलिसांची भीतीही काढून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणात होता असंच गृहीत धरतात, त्याला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता आली त्यात नुसत्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम नाहीच. हॉस्पिटलवाले त्यांची नोंद करतील, करू देत. तुम्ही हट्ट केलात ते शंभर टक्के बरोबर केलंत.

लग्नाचं म्हणाल तर नको. कधीच करू नका असं नाही म्हणत मी, औषध म्हणून करू नका. जिला ‘हा माणूस मला सोडेल’ हीच भीती जाळतेय तिला नवीन माणूस, नवीन घर, सासू, सगळं एका दिवसात द्यायचं म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी ओझं.

आणि तुमचं काय चुकलं? जुळ्या भावंडांवर जे अभ्यास झाले त्यात साधारण निम्मा वाटा जन्मतः येणाऱ्या स्वभावाचा निघतो. बाकी वाढताना काय वाट्याला आलं ते. पुष्कळ पेशंटच्या लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार असं असतं, पण सगळ्यांच्या नसतं. आणखी एक गोष्ट असते जी आपल्याकडे घरोघरी चालते आणि कुणाला वाईटही वाटत नाही: एवढ्यात काय रडायचं, मुलीच्या जातीला एवढा राग शोभत नाही, गप्प बस पाहुणे आलेत. साध्या मुलांना हे चालून जातं. ज्याची कातडीच पातळ त्याला मात्र वर्षानुवर्षं हेच शिकायला मिळतं की मला जे वाटतं ते खोटं आहे, आणि मोठ्याने ओरडल्याशिवाय कुणी बघत नाही. तुम्ही मुद्दाम केलेलं नाही हे. आता मात्र वेगळं करता येईल. पुढच्या वेळी तिचा रडत फोन आला की ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ हे ओठावर येईल, ते गिळा. म्हणा, ‘तुला फार लागलं ना गं ते’. मग गप्प. उपाय नाही, उपदेश नाही, दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. कारण छोटं असेल पण दुखणं मोठंच आहे, आणि तुम्ही दुखण्याला उत्तर देताय, कारणाला नाही. मला कुणी विचारलं की घरच्यांनी एकच गोष्ट काय करावी तर मी हीच सांगेन.

मॅडम, डोंबिवलीहून लिहितोय. लग्नाला चार वर्षं झाली. बायको सकाळी म्हणते तुझ्यासारखा नवरा मिळायला भाग्य लागतं आणि संध्याकाळी ट्रेन लेट झाली, फोन लागला नाही की तुझं बाहेर काहीतरी आहे, तू मला टाकणार, मग आरडाओरडा, वस्तू फेकणं, मग मध्यरात्री पाय धरून माफी. एक डॉक्टर म्हणाले बायपोलर, दुसरे म्हणाले बॉर्डरलाइन. खरं कोण? मी मित्रांना भेटणं बंद केलंय. घरी जिना चढताना आधी तिचं स्टेटस बघतो आणि मग बेल वाजवतो. थकलोय.

दादा, जिन्यातली ती ओळ मी दोनदा वाचली.

बायपोलर की बॉर्डरलाइन हा घोळ डॉक्टरांचाही होतो, आणि काही जणांना दोन्हीही असतं. ढोबळ फरक सांगते, निदान करायला नाही, डॉक्टरांना नीट माहिती द्यायला. बायपोलरमधली तेजी किंवा उदासी एकदा आली की दिवसच्या दिवस, आठवडे राहते. तेजीत माणूस तीन तास झोपून सकाळी टवटवीत उठतो, नवे धंदे काढतो, सुसाट बोलतो, आणि त्याला बाहेरचं कारण लागेलच असं नाही. बॉर्डरलाइनमध्ये मूड तासातासात पलटतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मागे एखादा माणूस असतो, कुणी उशिरा आलं, कुणी तुटक बोललं. तुम्ही पुढचे तीन आठवडे कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहा, झोप किती झाली आणि भडका कशाने उडाला. एवढा कागद घेऊन गेलात तरी डॉक्टरांचं काम निम्मं सोपं होतं, कारण एरवी ते ओपीडीतल्या दहा मिनिटांवरून अंदाज बांधत असतात.

सकाळी देव आणि संध्याकाळी दानव, यात सकाळचं खोटं नसतं आणि संध्याकाळचंही नसतं. आपल्याला एखाद्याचा राग आला तरी तो माणूस एरवी चांगला आहे हे मागे कुठेतरी जागं असतं, तिच्या बाबतीत भीतीच्या त्या क्षणी ते पुसलं जातं. म्हणून त्या वेळी पुरावे देत बसू नका. ट्रेनचं इंडिकेटर, लोकेशन, मित्राला स्पीकरवर घेणं, कशाकशाचा उपयोग नाही, आज एक पुरावा दिलात की उद्या दोन लागतील. ‘फोन लागला नाही तेव्हा तू घाबरलीस, मला कळतंय, मी आलोय’ बस. हे म्हणजे तिचा आरोप मान्य करणं नाही हं. भीती मान्य करायची, आरोप नाही. हे जमायला वेळ लागतो, मलाही माझ्या घरी नेहमी जमत नाही आणि माझं तर शिक्षणच यातलं आहे!

पण दुसरी बाजूही तेवढीच पक्की हवी. वस्तू फेकलेली चालणार नाही, हे शांत असताना, रविवारी सकाळी चहा पिताना सांगायचं: ‘सामान उडायला लागलं की मी अर्धा तास खाली फिरायला जाणार आणि बरोबर अर्ध्या तासाने परत येणार.’ परत येणार हा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण तिची भीती नेमकी तीच आहे. आणि मग तसंच करायचं, मंगळवारी दमलात म्हणून सोडून दिलं आणि शुक्रवारी लावून धरलं असं नाही. फक्त त्या दिवशी ती जीव देण्याचं बोलत असेल तर एकटीला सोडून खाली जायचं नाही, तेव्हा तिच्या माहेरच्या कुणाला बोलवा, हेल्पलाइन लावा. हात उगारला जात असेल तर आजार आहे म्हणून सहन करत राहायची गरज नाही, आधी तुमची सुरक्षितता.

मित्र परत सुरू करा. नवरा मित्रांना भेटून घरी परत येतो हे तिने शंभर वेळा बघणं हाही तिच्या उपचाराचाच भाग धरा. तुम्ही सगळं सोडून घरात बसलात तर भीती कमी होत नाही, फक्त तिला रोजचं खाद्य मिळतं. स्वतःसाठी वेगळा काउन्सेलर बघा, तिचाच नको. आणि भांडणात ‘तू बॉर्डरलाइन आहेस म्हणून अशी वागतेस’ हे वाक्य कधीच नाही. निदान शिवीसारखं वापरलं की माणूस परत डॉक्टरकडे पाऊल टाकत नाही.

ताई, मी २६ वर्षांची आहे, गोव्यात असते. सहा महिन्यांपूर्वी मला बीपीडी, म्हणजे बॉर्डरलाइनच, सांगितलं. नेटवर वाचलं तर सगळीकडे एकच, अशी माणसं टॉक्सिक असतात, त्यांच्यापासून पळा. डॉक्टरांनी एक गोळी दिली आहे, ती आयुष्यभर घ्यायची का? हे बरं होतं का? घरी स्थळं बघतायत, मुलाला सांगायचं का? मला कधी कधी वाटतं पळा म्हणणारे बरोबरच आहेत.

तुला अगं तुगं करते, चालेल ना? आधी नेट बंद कर. ते लिहिणारी बरीचशी माणसं स्वतः दुखावलेली असतात, ब्रेकअपनंतर एक्सला आजाराचं नाव चिकटवतात, खरं निदान कुणी केलं होतं ते देव जाणे. चांगली झालेली माणसं आपापल्या नोकरीधंद्यात असतात, ती रात्री दोनला कमेंटी लिहीत नाहीत.

बरं होतं का? अमेरिकेत बोस्टनजवळ मॅकलीन हॉस्पिटल आहे, तिथे मेरी झनारिनी आणि त्यांच्या टीमने २९० बॉर्डरलाइन पेशंटचा वर्षानुवर्षं माग ठेवला. हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट करावं लागलेली माणसं होती ती, म्हणजे हलक्या केसेस नव्हेत. दहा वर्षांत त्यातल्या ९३ टक्के लोकांना असा निदान दोन वर्षांचा काळ मिळाला की ज्यात त्यांची लक्षणं निदानात बसण्याइतकी राहिलीच नाहीत. मी शिकत होते तेव्हा आम्हाला हा आजार म्हणजे जन्माची गाठ असं शिकवलं होतं, ते या आकड्यांनी साफ पुसलं. आता कडू अर्धं पण सांगते. लक्षणं जाऊन शिवाय काम आणि माणसं दोन्ही नीट बसली असं होणाऱ्यांचं प्रमाण त्याच अभ्यासात निम्म्याच्या आसपास होतं. ब्लेड, धमक्या, हे आधी सुटतं, पोकळपणा आणि एकटं पडण्याची भीती मागे रेंगाळते. म्हणून नोकरी किंवा कोर्स टाकून आधी पूर्ण बरी होते मग बघू असं करू नकोस, काम चालू ठेवणं हाही उपचारच धर.

गोळीचं. बॉर्डरलाइनवर म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. डॉक्टर देतात ते सोबतच्या डिप्रेशनला, चिंतेला, झोपेला, किंवा कठीण दिवस निघावेत म्हणून. तुझी गोळी नेमकी कशासाठी आणि किती दिवस, हे सरळ विचार, विचारायचा हक्क आहे तुला. मनाने बंद मात्र करू नकोस. मुख्य उपचार म्हणजे थेरपी, आणि त्यात सगळ्यात जास्त तपासली गेलेली डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. ती या लिनेहान बाईंनीच तयार केली, १९९१ मध्ये तिची पहिली मोठी चाचणी छापून आली. आणि मग २०११ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी जाहीर सांगितलं की सतरा वर्षांच्या असताना मी स्वतः दोन वर्षांहून जास्त काळ मनोरुग्णालयात होते, स्वतःला जखमा करून घ्यायचे. म्हणजे जी बाई या आजाराचा उपचार शोधून काढते ती त्याच विहिरीतून वर आलेली. पळा म्हणणाऱ्यांना हे सांग, किंवा नको सांगूस, तुला माहीत असलं म्हणजे झालं.

पूर्ण डीबीटी साधारण वर्षभर चालते, आठवड्याला एक वैयक्तिक सेशन आणि एक ग्रुपचा वर्ग, त्यात कसब शिकवतात. आपल्याकडे पूर्ण प्रोग्रॅम थोड्याच ठिकाणी मिळतो आणि खर्चिकही पडतो हे मान्य. पण थेरपिस्टला पहिल्याच फोनवर विचारायचं, डीबीटीची स्किल्स शिकवता का, बॉर्डरलाइनचे पेशंट घेता का, आणि मी संकटात असताना काय पद्धत आहे. ज्याला या प्रश्नांचा राग येईल तिथे जाऊ नकोस. स्कीमा थेरपी, मेंटलायझेशन वगैरेही चांगल्या आहेत, त्यामुळे नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नीट बांधलेला उपचार हवा आणि मध्ये न सोडता जायला हवं. आणि मध्ये सोडावंसं वाटेलच! थेरपिस्ट सुट्टीवर गेली, तुझ्या मेसेजला ‘ओके’ एवढंच लिहिलं, की तुझं मन तिलाही दानव करणार. तेव्हा सेशन बंद करायचं नाही, सेशनमध्ये जाऊन तेच बोलायचं.

आजच्यासाठी एक कसब देते. भडका उडाला की बेसिनमध्ये किंवा टोपात गार पाणी घे, श्वास रोखून चेहरा डोळ्यांपर्यंत बुडव, पंधरावीस सेकंद, दोनतीनदा. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर आपोआप नाडी मंद करतं, ती युक्ती आहे ही, जादू नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा खाण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. यानं प्रश्न सुटणार नाही, फक्त पुढची वीस मिनिटं निघतात, आणि त्या वीस मिनिटांत फोन हातात घ्यायचा नाही.

मुलाला सांगायचं का, तर माझं मत सांगावं. पण कांदेपोह्यांच्या पहिल्या भेटीत नाही, तिथे त्याच्या काकूपण बसलेल्या असतात. दोघंच दोनचारदा भेटलात, हो म्हणायची वेळ आली की त्याआधी, तुझ्या शब्दांत, नाव कमी आणि प्रत्यक्ष जास्त: मला अशा अशा वेळी फार त्रास होतो, मी हे हे करते, तुझ्याकडून अमुक मदत लागेल. घरचे म्हणतील लपव. लपवून लग्न केलंस तर रोज सकाळी गोळी चोरून घ्यावी लागेल आणि सोडून जाण्याच्या भीतीत पकडलं जाण्याची भीती मिसळेल, ते तुला झेपणार नाही असं मला वाटतं.

हा फक्त बायकांचा आजार आहे का? मी ३१ वर्षांचा, लातूर. तुम्ही मागच्या वेळी एका ओळीत जे लिहिलंत ते वाचून मला घाम फुटला.

नाही, फक्त बायकांचा नाही. दवाखान्यात बायका जास्त दिसतात हे खरं, पण अमेरिकेत सामान्य लोकांना प्रत्यक्ष भेटून एक खूप मोठं सर्वेक्षण झालं होतं त्यात स्त्रीपुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. पुरुष गेले कुठे मग? त्यांना तापट म्हणतात, दारुडा म्हणतात, ते पोलीस ठाण्यात दिसतात नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात, आणि भिंतीवर मूठ मारून हात फ्रॅक्चर झाला की हाडांच्या डॉक्टरकडे. प्लॅस्टर निघतं आणि माणूस घरी जातो.

तुम्ही लातुरातच सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जाऊ शकता, केसपेपर काढा आणि बसा. पुरुष लोक आत गेले की म्हणतात ‘डॉक्टर, राग येतो’, आणि रागाची गोळी घेऊन बाहेर येतात. तुम्ही राग येण्याच्या अर्धा मिनिट आधी काय वाटतं ते सांगा. घाम ज्या वाक्याला फुटला तेही सांगा, मासिकाचं पान फाडून नेलंत तरी चालेल.